तांदूळ पेरून धान उगवत नाही

"कानाला फरक कळत नाही, तर जागा कशाला अडवायची?" गुरुजींनी असे विचारल्यावर बैठकीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. विषय साधा होता. सिंदेवाही तालुक्यात, नवरगावपासून गुंजेवाहीपर्यंत, घराघरांत झाडीपट्टीच्या नाटकांची, दंडारींची, खडी गंमतींची रेकॉर्डिंग पडून आहेत. काही कॅसेटवर, काही बंद पडलेल्या मोबाईलमध्ये, काही कोणाच्या तरी मेमरी कार्डवर. ती गोळा करायची, आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की नवीही करायची. ती ठेवायची कशी, याचा तोडगा गुरुजींकडे तयार होता: सगळे ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये करा, एका पेनड्राइव्हवर मावेल. मोबाईल दुकानवाल्या पोराने त्यात भर घातली, "अन् कोणाले भारी पायजे असन त मी ३२० करून देतो जी. दोन मिन्टाचं काम हाये."

मी विरोध केला, पण मला तो नीट मांडता आला नाही. चहा आला, विषय वर्गणीवर गेला. गुरुजी माझ्याहून वयाने आणि मानाने मोठे आहेत, त्यामुळे भर बैठकीत त्यांच्याशी हुज्जत घालायला जीभ रेटली नाही. पण मत चुकीचे असले आणि माणूस आदराचा असला की ते मत जास्त पसरते. म्हणून हे लिहितो आहे.

आधी गुरुजींचे जे बरोबर आहे ते. त्यांचा हिशोब चोख आहे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती बिट खर्च करायचे तो दर, मजुराच्या रोजीसारखा. रोजी गुणिले दिवस म्हणजे मजुरी. बिटरेट गुणिले सेकंद म्हणजे फाइल. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शेवटी आठने भागायचे. दुकानवाला पोरगा इथेच घसरतो. १२८ केबीपीएसची फाइल सेकंदाला १२८ केबी खाते असे तो सांगतो. खाते १६. मिनिटाला ०.९६ एमबी, तासाला ५७.६ एमबी. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे चारला संपले, तर सहा तासांचे ३४६ एमबी. ६४ वर त्याचे निम्मे, १७३. ३२० वर ८६४. दर ठरलेला असला की स्टेजवर काय चालले आहे याच्याशी फाइलच्या वजनाला देणेघेणे नसते. रिकाम्या मंडपाचे रात्रभर रेकॉर्डिंग केले तरी १२८ वर तेवढेच ३४६ एमबी भरतील.

काहीच न गाळता ठेवायचे तर? सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन बाजू. गुणाकार करा: १४,११,२०० बिट, म्हणजे १४११ केबीपीएस. तासाला ६३५ एमबी, सहा तासांचे ३.८१ जीबी. १७३ एमबीसमोर हा आकडा ऐकून बैठकीत कोणीतरी "अरे बापरे" म्हटले, ते साहजिक होते.

गुरुजींचे आणखी एक मान्य करतो. कानाला फरक कळत नाही, हेही पुष्कळदा खरे आहे. चांगल्या रीतीने बनवलेली २५६ ची एमपी३ आणि मूळ आवाज, दोन्ही कोणते ते न सांगता ऐकवले, तर बहुतेकांना ओळखता येत नाही. मीही हा प्रयोग स्वतःवर केला आहे आणि सपशेल हरलो आहे. ज्यांना आपल्या कानांचा फार गर्व आहे, त्यांनी जरूर करून पाहावा.

पण गुरुजी २५६ चे बोलत नव्हते, ६४ चे बोलत होते. आणि स्टुडिओत बसून केलेल्या गाण्याचे बोलत नव्हते, मंडपातल्या नाटकाचे बोलत होते. त्यांच्या बोलण्यात एक समज गृहीत धरलेला होता, तो मला जास्त खटकला: हे काही मोठ्या कंपनीचे गाणे नाही, गावातले रेकॉर्डिंग आहे, मागे जनरेटर घरघरतो आहे, त्याला कशाला जास्त बिट?

खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. एमपी३ कसे काम करते ते पाहा. १९९० च्या आसपास जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी या तंत्राला आकार दिला. त्याचा पाया माणसाच्या कानाच्या एका खोडीवर आहे: मोठ्या आवाजाखाली त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही. ढोलकीची थाप पडली की त्या क्षणापुरते शेजारचे हळू सूर झाकले जातात. मग झाकले गेलेले कशाला लिहून ठेवायचे? एमपी३ आवाजाचे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यात काय झाकले गेले, काय टाकून दिले तरी चालेल, ते ठरवते. मिळालेल्या बिटांत उरलेले बसवते. एकटा गायक आणि पेटी असेल तर हे सोपे जाते, कारण सूर नियमित असतो आणि थोडक्यात लिहिता येतो. पण जनरेटरची घरघर, हजारभर माणसांची कुजबूज, पोरांचे रडणे, ताडपत्रीची फडफड या आवाजांना काही नियम नाही, आणि नियम नसलेला आवाज थोडक्यात लिहिता येत नाही. आपल्याला कळते की हा जनरेटर आणि हा नायक. यंत्राला ते कळत नाही. ते आपले ६४ हजार बिट दोघांत वाटते. घरघरीने आपला वाटा उचलला की नायकाच्या वाट्याला काय उरते, ते त्याच्या आवाजात ऐकू येते. बोलणे पाण्याखालून आल्यासारखे वाटते, आणि टाळ वाजायच्या आधीच त्याची पुसट सळसळ सुरू होते. गावातल्या गोंगाटाच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओतल्या गाण्यापेक्षा जास्त बिट लागतात, ते यासाठी.

आता माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मामाने मंडईत खडी गंमत केली होती. तीन तास शाहिरी. मी पुढे बसून मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो. मोबाईलच्या सेटिंगमध्ये दर्जाचे दोन-तीन पर्याय होते. मी सर्वांत खालचा निवडला, कारण त्याच्यापुढे सर्वांत जास्त तास दिसत होते. तो होता एएमआर, फोनवर बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला जेमतेम १२ हजार बिटांचा. तीन तासांची फाइल झाली साधारण १७ एमबी. कार्ड २ जीबीचे होते आणि जवळजवळ सगळे मोकळे होते. सीडीच्या दर्जाचा एका बाजूचा आवाज तीन तास भरला असता, तरी कार्डात निम्मी जागा उरली असती. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे आणि ते आजही मोकळेच आहे. मामा गेला.

त्या रेकॉर्डिंगमध्ये काय नाही ते मला आता कळते. एएमआर सेकंदाला आठ हजारच नमुने घेते, म्हणून त्याच्या निम्म्या, म्हणजे चार हजार कंपनांच्या वरचे काहीही त्यात उतरत नाही. "स" चा फुत्कार बहुतेक सगळा त्याच्याही वर असतो. मराठीत "चाक" मधला च वेगळा आणि "चार" मधला वेगळा, हे शाळेतल्या पोरालाही जिभेने माहीत असते. त्या दोन च मधला फरक सांगणारी बारीक धारही बरीचशी त्याच वरच्या पट्टीत असते. मामाने एका जागी एक शब्द असा काही म्हटला आहे की मी तो पंचवीसदा ऐकला असेन. च कोणता, की तो मुळात स च आहे, हे मी सांगू शकत नाही. आमच्या झाडीबोलीत "डोळा" चा "डोरा" होतो, "पाणी" चे "पानी" होते, श चा स होतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. उद्या कोणी पोरगी त्यांच्या मागोमाग या बोलीवर काम करायला बसली आणि माझी ही फाइल तिच्या हाती आली, तर तिला त्यात बोली नीट ऐकूच येणार नाही. कानाला फरक कळत नाही, हे त्या रात्री मलाही खरेच वाटत होते. मामा समोर बसून गात होता आणि कान त्याचे ऐकत होते. फाइल तेव्हा कोण ऐकत होते?

६४ ची एमपी३ एवढी वाईट नसते, हे मान्य. पण "आज मला ऐकताना कळत नाही" हे कारण गुरुजींनी पुढे केले, आणि तेच मोडके आहे. साठवलेला आवाज फक्त ऐकण्यासाठी नसतो. त्यातली घरघर काढायची असते, एखादा प्रवेश कापून वेगळा करायचा असतो, दबलेला आवाज वर उचलायचा असतो. एमपी३ ने जे "झाकले गेले" म्हणून टाकले, ते टाकायला घरघर जागेवर होती म्हणून चालले. उद्या घरघर बाजूला केली की तिच्याखाली काय होते ते ऐकावेसे वाटेल. आणि तिथे काहीच नसेल.

आता दुकानवाल्या पोराचे ३२०. गुरुजी अर्धे चुकले आहेत, हा पूर्ण चुकला आहे. त्याला दोष तरी किती द्यावा? गिऱ्हाईक येऊन "३२० वाले गाने भरून दे" म्हणते, तो भरून देतो. मी त्याच्याकडून एका जुन्या नाटकाची ३२० फाइल घेतली आणि घरी ऑडॅसिटीत उघडली. हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात स्पेक्ट्रोग्राम नावाचे एक चित्र दिसते: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर आवाजाची पट्टी, आणि जिथे आवाज तिथे रंग. मूळ रेकॉर्डिंगचे चित्र वर जाताना हळूहळू विरळ होत जाते, पिकलेल्या बांधीतल्या लोंब्यांसारखे वरखाली. या फाइलमध्ये एका ठरावीक उंचीवर सगळे सपाट कापलेले होते, विळा फिरवल्यासारखे, आणि त्याच्या वर काळे. ३२० च्या एमपी३ त रंग वीस हजारांच्या जवळपास जायला हवा होता, तो अकरा हजारांवरच थांबला होता. म्हणजे ती मुळात ६४ च्या आसपासची फाइल होती, ३२० चे कपडे घातलेली. सहा तासांच्या नाटकाचा हिशोब मांडा: १७३ एमबीचे ८६४ झाले. वरचे ६९१ एमबी म्हणजे हवा. तेवढ्यावरही भागत नाही. दुसऱ्यांदा एमपी३ करताना पुन्हा थोडे टाकले जाते, म्हणून ही भारी फाइल त्या हलक्या फाइलपेक्षा केसभर वाईटच असते. शिवाय ती दुकानात येईपर्यंत काय काय भोगून आलेली असते! कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केले, कटर अॅपने कापले, व्हॉट्सअॅपवर पाठवले, तिथून यूट्यूबवर चढवले, दुसऱ्याने तिथून उतरवले. प्रत्येक पायरीवर नवी चाळणी. झेरॉक्सची झेरॉक्स कितीही मोठ्या कागदावर काढली तरी पुसलेले अक्षर परत येत नाही.

आमच्या भागात हे समजावायला संगणक लागत नाही. धान आणि तांदूळ यांतला फरक इथे सगळ्यांना ठाऊक आहे. राईस मिलमधून निघालेला पांढरा तांदूळ दिसायला सुंदर, शिजायला सोपा, न्यायला हलका. १०० किलो धान भरडायला दिले तर सरकार मिलकडून ६७ किलो तांदूळ मागते. तूस, कोंडा आणि कनकी बाजूला पडते. खाणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. पण तो तांदूळ बांधीत टाकून पऱ्हे येत नाहीत. तूस परत चिकटवून त्याचे धान करून देतो असे कोणी म्हणाले, तर सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात त्याला खुर्ची देतील का? ३२० करून देणारा तेच सांगतो आहे.

शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंना १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात पटेल-३ धानात दोन-तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी म्हणून जपल्या, वर्षानुवर्षे पेरून पाहिल्या, आणि त्यातून एचएमटी हा वाण आला. त्या लोंब्या भरडून त्यांनी एक दिवस भात केला असता तर तो चवीला चांगलाच लागला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती. मूळ रेकॉर्डिंग म्हणजे बियाणे आहे. त्याच्या एमपी३ हव्या तेवढ्या करा, हव्या तेवढ्या वाटा. जेवायला तांदूळच लागतो, त्याला माझा विरोध नाही. बियाण्याची कोठी रिकामी करून तांदूळ भरण्याला आहे.

राहिला जागेचा प्रश्न, कारण ३.८१ जीबी ऐकून बापरे म्हणणारे अजून बापरे म्हणताहेत. पहिले, एका रेकॉर्डरने प्रेक्षकांत बसून किंवा स्टेजवर टांगलेल्या माईकवरून घेतलेल्या नाटकाला डावी-उजवी दोन बाजू कशाला? एका बाजूचा आवाज ठेवला की १.९ जीबी. यात झाकलेला सूर किंवा च ची धार काहीच जात नाही, फक्त तोच आवाज दोनदा लिहिणे वाचते. वाचवायचे तर इथे वाचवा. दुसरे, फ्लॅक नावाचा एक प्रकार आहे, २००१ पासून, फुकट. तो काही टाकत नाही. चुंगडी ठोकून ठोकून भरली की तेच धान कमी जागेत बसते, दाणा एकही कमी होत नाही, तसे. बहुधा साठ टक्क्यांच्या आसपास येतो; गोंगाटाचे रेकॉर्डिंग थोडे जास्त जागा घेते, कारण वर सांगितलेच. तिसरे, एक टीबीची हार्ड डिस्क घ्या. काहीही न दाबता, दोन्ही बाजूंसकट, तिच्यात सहा तासांची २६२ नाटके बसतात. वडशाहून नाटक कंपनी बोलावून एका रात्रीचे नाटक लावायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी कमीत ती डिस्क येते. मंडप, भोंगे, जनरेटर, कलावंतांची जेवणे, सगळ्याला वर्गणी निघते. आवाज ठेवायला पेनड्राइव्हचा कोपरा शोधतो आपण.

एकेकाळी ही कंजुषी सक्तीची होती. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. थिएटरात वन्समोअर घेत घेत रंगणारे बालगंधर्वांचे पद तबकडीसाठी तीन मिनिटांत आटपावे लागे, आणि आपल्याला ते तेवढेच मिळाले. त्या लोकांचा इलाज नव्हता. आपला आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीपट्टीची बातमी राज्यभर झाली. ज्या रंगभूमीच्या नटाला देश पुरस्कार देतो, तिचा आवाज आपण तीन मिनिटांच्या काळातल्या माणसांपेक्षा हलक्या हाताने ठेवणार असू, तर ती कंजुषी आपल्या मनातली आहे, डिस्कमधली नाही.

बैठकीत आणखी एक उत्साही तरुण होता. त्याचे म्हणणे, ठेवायचेच तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर ठेवा. हे दुसऱ्या टोकाचे. सहा तासांचे २५ जीबी होतात आणि वाढीव जागेतला बहुतेक भाग अशा कंपनांचा, जी माणसाचा कान ऐकत नाही आणि मंडपातला माईक धड पकडतही नाही. कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. त्यासाठी ४४,१०० किंवा ४८,००० नमुने पुरतात. २४ बिट मात्र जमले तर जरूर ठेवा. त्यामुळे आवाज थोडा खालच्या पातळीवर धरता येतो आणि खलनायक एकदम ओरडला तरी फाटत नाही. भोंग्यासमोर मोबाईल धरून फाटलेला आवाज १४११ वर ठेवला काय आणि ६४ वर ठेवला काय, फाटलेलाच राहतो. बिटरेटने आवाज चांगला होत नाही. असलेला आवाज किती टिकतो, एवढेच त्याने ठरते.

गुरुजींना एवढेच सांगायचे आहे: तुमचा पेनड्राइव्ह जरूर भरा. ६४ नको, एका बाजूचे ९६ करा, मोबाईलवर लोक आनंदाने ऐकतील. ओपस नावाच्या प्रकारात केले तर ३२ वरही संवाद स्वच्छ येतील. पण तो पेनड्राइव्ह डिस्कमधल्या मूळ फाइलवरून भरा, आणि मूळ फाइल पुसू नका.

ज्यांच्या पेटीत, माळ्यावर जुन्या नाटकांच्या कॅसेट आहेत त्यांनी त्या उन्हाळ्याआधी काढाव्यात. नव्वद मिनिटांच्या चार म्हणजे एक अख्खी रात्र. दुकानात भरून घ्यायला दिल्यात तर दुकानदाराला दोनच गोष्टी सांगा: एमपी३ नको, काही न टाकणारी वेव्ह फाइल कर, आणि काम झाले की कॅसेट फेकू नको, परत दे.